शिंकली ती बाद

नंदुरबारात बायकांना काम नाही, असं मी एकदा सरकारला लिहून दिलं होतं. सुवाच्य अक्षरात, खाली सही करून. का, तर भर दुपारी मी घरोघर हिंडले आणि एकही कामकरी बाई मला घरी सापडली नाही.

हसा खुशाल, पण थोडं राखून ठेवा, पुढे आणखी लागेल. कामाला गेलेली बाई घरी सापडत नाही, एवढं कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. मी मॅट्रिक झाले होते, तिथंच घोटाळा झाला असावा. शेऱ्याच्या जागी मी वर आणखी एक वाक्य घातलं होतं, ते आजही तोंडपाठ आहे : ‘येथील स्त्रियांना बाहेर हिंडण्याची आवड दिसते.’

ज्या बाईने मला या वाक्यासकट उन्हात उभं केलं, तिच्याविषयी सांगायचं आहे. तिचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर जिथे असेल तिथून ती विचारेल, "कोनले इचारीसन लिखं व?" आणि मी तिला विचारलेलं नाही.

तिला सगळे जमादारीण म्हणायचे. ती कुठली जमादार नव्हती. मिरचीच्या पथारीवर बायकांची मुकादम होती. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. ओली लाल मिरची तिथं पसरून वाळवायची, निवडायची, पोत्यात भरायची. थंडीत तुम्ही नंदुरबारच्या बाजूने आलात तर गाव दिसायच्या आधी नाकाला कळतं. या लाल रानातून ती दोन्ही हात पाठीमागे बांधून, हनुवटी वर करून चालायची, परेड बघायला आलेल्या साहेबासारखी. बाकी बाया वाकलेल्या, ही एकटी ताठ. कुणी सावलीला बसलेलं दिसलं की जवळ जाऊन एकच बोलायची, "सावलीमाईन ऊठ." बाईला, कुत्र्याला, माल घेणाऱ्या आडत्याच्या मुनिमाला, एकदा तर हवालदाराला. आवाज तोच. आणि सगळे उठायचे, हवालदारसुद्धा.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. चीनशी लढाई होऊन गेली होती. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. फौज वाढली, तसं तिला घोंगड्या लागल्या, बूट लागले, डाळ-तांदूळ लागले, आणि मिरचीही लागली. ती आमच्याकडून जाऊ लागली. फौजेला मिरची बिनदेठाची हवी असायची. एरवीचा माल देठासकट जाई, पण ही मिरची एकेक हातात घेऊन देठ खुडावं लागे. त्यामुळे ज्या बायांना पूर्वी हंगामात चार दिवस बोलावणं यायचं, त्या आता थंडीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज कामाला जात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे सांगायला नकोच.

मग पुण्याहून एक साहेब आले. गोरे, बारीक, उन्हाला घाबरणारे. शाळेच्या एका खोलीत त्यांचं ऑफिस उघडलं. संरक्षणावर जो पैसा खर्च होतो तो अशा लांबच्या मुलखात कुठे झिरपतो, त्यातून किती हातांना काम मिळतं, ते मोजायचं होतं. त्यांनी आम्हां मोजणीदारांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. एका मोठ्या शहरातली गिरणी फौजेला डब्यात भरलेली तयार भुकटी द्यायला निघाली होती. तसं झालं तर मिरची इथून देठासकटच गिरणीला जाणार. "इथल्या लोकांचा रोजगार बुडणार नसेल तर भुकटीच सोयीची," साहेब म्हणाले. "म्हणून आपली मोजणी महत्त्वाची आहे."

मी मान डोलावली. मला त्यातलं ‘आपली’ एवढंच ऐकू आलं होतं. ब्राह्मणपुरीच्या गुजर पाटलाची पोर, नंदुरबारला आत्याकडे राहून शिकलेली, आणि आता सरकारी माणूस! वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "आखाजीपर्यंत नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर स्थळ बघतो." त्यामुळे मी देशाच्या संरक्षणापेक्षा माझ्या संरक्षणात जास्त गुंतले होते.

पहिल्या दिवशी पथारीवर गेले ती खळ दिलेलं पांढरं पातळ नेसून. आडत्याच्या पत्र्याखाली खुर्ची मागवून बसले आणि समोरच्या बाईला विचारलं, "आपला व्यवसाय कोणता?" तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात मागून आवाज आला, "सावलीमाईन ऊठ, पोरी."

"मी सरकारी कामावर आहे," मी म्हणाले.

"मंग ऊनमा ये. सरकारनी मिरची ऊनमाच शे."

उठले. उठले ते उठले, वर शेतकऱ्याची लेक आहे हे दाखवायला ढिगाजवळ बसून मिरच्या खुडायला लागले. सहा-सात खुडल्या असतील. कपाळावर घाम आला, म्हणून ऐटीत डोळे पुसले.

पुढचं फारसं आठवत नाही. पातळ कुठे, पेन कुठे, मी कुठे, काही कळेना. ओरडत होते एवढं खरं. मी पुन्हा डोळे चोळायला हात वर नेले, तसे ते दोन्ही हात कुणीतरी मनगटाला धरून पाठीमागे नेले. "हात मांगे! हात मांगे ठेव, चोयू नको!" जमादारीण होती. तिने माझे डोळे ओल्या पदराने टिपले, मग माझ्या हातांना तेल चोळलं, राख लावली, धुतले. हे सगळं करताना ती शांतपणे बायांना सांगत होती, "हसू नका. पहिला रोजले आपलं बी आसंच व्हयनं व्हतं." बाया हसत राहिल्या. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते, पण मी माझ्या जागी होते. म्हणून ठरवलं, या पथारीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही.

आणि अशी मी घरोघर मोजणी करायला निघाले. किती सोपं! गल्लीत सावली, ओट्यावर बसायला जागा, कुठे कुठे चहा. दारात म्हातारं माणूस किंवा एखादं शेंबडं पोर. "घरात कोण आहे?" "कोनी नही." लिहिलं : कामकरी स्त्री, नाही. पुढचं दार. पुन्हा तेच. माझा हात असा चालला की दुपारचा चहा संपायच्या आत गल्ली संपे.

एका दारात एक माणूस सनईची पत्ती साफ करत बसला होता. लग्नाची तिथी नसली की त्याला काम नसायचं, आणि तिथी असली तरी त्याला ते फार आवडायचं असं नाही. मी विचारलं, "तुमची बायको काय करते?"

तो म्हणाला, "घरमा नही शे ती."

मी लिहून टाकलं. ‘मग कुठे गेली?’ एवढंच विचारायला हवं होतं. पण तसा प्रश्न कागदावर नव्हता, आणि मी विचारला नाही म्हणून त्याने सांगितलं नाही. तो जमादारणीचा नवरा होता.

साहेब खूश झाले. "बाई, तुमचं काम स्वच्छ आहे," म्हणाले. त्यांनी आकडे वर पाठवून दिले आणि जाता जाता आडत्याला सांगितलं, इथे बायकांचा रोजगार असा नाहीच, त्यांना हिंडण्याची आवड आहे, भुकटीला हरकत दिसत नाही. आडत्याने ते जमादारणीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती आली हे आधी आत्याच्या नाकाला कळलं. आत्या शिंकली, आतून सून शिंकली, गोठ्यातली म्हैस फुरफुरली. पदरावर, केसांत, भुवयांत लाल धूळ. हात पाठीमागे.

"तूच का व ती, आमले रिकाम्या लिखनारी?"

मी उंबऱ्यातच थांबले. आत्या मध्ये पडली, "अशी काय बोलस, बई? पोर शिकेल शे आमनी."

"शिकेल शे ना? मंग डोया कोठे ठेवी ऊनी? तितलाच इचारस." मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "माले हिंडानी आवड शे म्हने. बरं शे. सकाय तू बी ये. दोन्ही जनी हिंडूत."

आत्याने पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही. "काम बुडनं तं पानीच पेनं शे," म्हणाली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी दार लावून घेतलं असतं. पण ती न पिता गेली, आणि तो तांब्या संध्याकाळपर्यंत ओट्यावर तसाच राहिला. आत्याने मुद्दाम उचलला नाही, आणि मला उचलायचं धाडस झालं नाही.

गेले. या खेपेला जुनं लुगडं नेसून, डोक्याला फडकं बांधून. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसले. तेव्हा जे पाहिलं त्यातलं एकच सांगते.

पथारीच्या कडेला, वारा जिकडून येतो त्या बाजूला, एका निंबाला झोळ्या बांधलेल्या होत्या. त्यात तान्ही पोरं. दुपारी एक रडायला लागलं. त्याची आई ढिगावरून उठली, विशीचीही नसेल, आणि निंबाखाली येऊन बसली. पण तिने पोराला हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून नुसती बसून राहिली. पोर टाहो फोडतंय, ती वाकून त्याला तोंडाने गप्प करतेय. तेवढ्यात जमादारीण आली, तिने आपले पाठीमागचे हात पुढे घेतले, झोळीतून पोर काढलं, त्या पोरीचा पदर बाजूला केला आणि पोराला तिच्या छातीशी धरून ठेवलं. पोट भरेस्तोवर तशीच वाकून उभी. आई हात मागे धरून पोराकडे बघत होती.

मिरची खुडलेल्या हाताने लेकराला घेता येत नाही. तेल लावून, राख लावून, धुऊन परत यायचं म्हणजे तेवढा वेळ काम थांबतं. म्हणून तिने आपले हात राखून ठेवले होते. दिवसभर मिरचीला शिवायची नाही. सगळ्यांच्या लेकरांसाठी, सगळ्यांच्या डोळ्यांसाठी ते दोन हात स्वच्छ. मला ती तोऱ्यात चालते असं वाटलं होतं. माझ्या टाचणात मी तिच्याविषयी लिहिलंही होतं, ‘मुकादम स्वतः काम करीत नाही.’

तिला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "तोरा बी शेच. तो खोटा नही." बाकी ती अगदी चांगली वगैरे नव्हती. भांडकुदळ होती. वजनावरून आडत्याशी असं भांडायची की काटाच लाजेने खाली जायचा. आणि खोटं बोलायची, हसत, डोळ्यात डोळा घालून.

मधल्या सुट्टीत तिने मला बाजारात ओढत नेलं. बांगड्यांच्या दुकानापुढे उभी केली. "ह्याले लिख. फौजनी मिरची नसती तं ह्याना बांगड्या कोन लेतं?" कासार घाबरून म्हणाला, मी काही केलं नाही. मग तेली. मग वाणी. मग चपला शिवणारा. "ह्याले बी लिख. फौजना पैसा ह्याना घरमा बी जास." साहेबांच्या झिरपण्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. येताना तिचं घर लागलं. दारात नवरा सनई मांडीवर घेऊन बसलेला. मी आपलं विचारलं, "आणि यांना?"

"त्याले नको लिखू," ती म्हणाली. "त्याले काम देवाले फौज बी पुरी पडनार नही."

तो मान खाली घालून हसला. लाडाचं माणूस असावं.

साहेब ऑफिस आवरायला तीन-चार दिवसांनी परत येणार होते. तोवर मी पथारीवरच मोजणी करायची ठरवली, पुन्हा पहिल्यापासून. आणि बघते तर काय, बायांची संख्या वाढतच चाललेली. रोज नवे चेहरे. कुणाच्या अंगावर धुतलेलं लुगडं, कुणाच्या पायात चांदी, मिरची अशी दोन बोटांत धरलेली जशी काही ती चावेल. आणि शिंका! एक थांबली की दुसरी. जुन्या बाया कधी शिंकत नसत, त्यांचं नाक केव्हाच मरून गेलेलं.

मी जमादारणीला बाजूला घेतलं. "मावशी, ह्या कोण?"

"बाया शेत. मोज."

"ह्या शिंकताहेत."

"मंग? सरकारनी शिंक बंद करी का?"

"ती कोपऱ्यातली तुमच्या लेकीची सासू आहे. मी तिला आत्याकडे हळदीकुंकवाला पाहिलंय."

ती जराही ओशाळली नाही. "तू आमले एकदाव बी लिखं नही," ती म्हणाली, "तं मी दोनदाव लिखाडसू. बराबर व्हई जाई."

हिशेब म्हणून पाहिलं तर तिच्या म्हणण्यात दम होता. पण मी एकदा तोंडावर आपटले होते. मी तिला सांगितलं, मावशी, साहेबांना एक जरी खोटी बाई सापडली तर ते सगळ्याच खोट्या म्हणतील. तिने पदर खोचला. मग ढिगाकडे तोंड करून ओरडली, "ज्या शिंकी ऱ्हायन्यात त्या घर जा वं!" विहीणबाई सर्वांत आधी उठल्या, नाक लाल, सुटकेचा श्वास टाकत.

तीच माझी मोजणीची रीत झाली. शिंकली ती बाद. कुठल्या पुस्तकात ही रीत सापडणार नाही, पण यापेक्षा पक्की मला आजवर दुसरी सापडलेली नाही.

साहेब आले आणि पत्र्याखालच्या खुर्चीवर बसले. मी उभी राहून सगळं सांगितलं. मी घरी मोजलं ते चुकलं, कामावरच्या बाया घरी कशा सापडतील, हे नवे आकडे. जमादारीण माझ्या मागे उभी होती. बाया खुडता खुडता ऐकत होत्या, पण कुणी वर पाहत नव्हतं. आज या माणसाने काय लिहिलं त्यावर पुढच्या थंडीत चूल कशी पेटणार ते ठरणार, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्या बाया बसलेल्या, आणि आवाज फक्त देठं तुटल्याचा.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, हे काम हंगामी आहे. हजेरीपट नाही, पगार नाही. वजनावर काम. याला व्याख्येप्रमाणे रोजगार म्हणता येत नाही."

मी आकड्यांचा कागद घडी करायला लागले. व्याख्या म्हटलं की मी नेहमीच माघार घ्यायचे.

मागून आवाज आला. "साहेब, फौज बारा महिना लढस का?"

साहेबांनी मान वळवली. "काय?"

"लढाई ऊनी तं लढस. नही तं बठेल ऱ्हास. ते बी हंगामीच शे ना? मंग तिले नोकरी कसाले म्हनतस?"

कुणीतरी खुडता खुडता थांबलं. साहेबांनी चष्मा परत चढवला. ते एवढंच म्हणाले, "तो प्रश्न वेगळा आहे."

"सावलीमाईन उठा," ती म्हणाली. "मंग सांगा, कितला येगळा शे ते."

ते उठले. खरंच उठले. छत्री उघडून ढिगापर्यंत आले. आणि तेवढ्यात वाऱ्याची एक वावटळ पथारीवरून गेली, लाल. आम्ही सगळ्याजणींनी पदर तोंडावर ओढले. साहेबांना पदर नव्हता. छत्री उलटी झाली आणि साहेब शिंकायला लागले. एक, दोन, मग मोजण्यापलीकडे.

मी काय बोलून गेले ते माझं मलाच कळलं नाही. "साहेब, तुम्ही बाद."

पथारी अशी हसली की निंबावरचे कावळे उडाले. साहेबांनी डोळ्यांकडे हात नेला, तसे जमादारणीने तेही हात धरून पाठीमागे नेले. "हात मांगे, साहेब. चोयू नका." त्यांचे डोळे टिपले, आपल्या त्याच स्वच्छ हातांनी. साहेब मुलासारखे मान वर करून उभे. शेजारी निंबाखाली एक आई हात मागे धरून पोराला पाजत होती, पोर हात धुऊन आलेल्या दुसरीनेच धरलेलं. साहेबांनी डोळे उघडले ते तिथंच. पाहिलं, आणि उलटी छत्री सरळ करायला लागले.

त्यांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. तेवढी मोठी गोष्ट नव्हती ती. शाळेच्या खोलीत गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, "पहिल्या आकड्यांवर माझी सही झाली आहे. दुरुस्ती म्हणून मी पाठवणार नाही. हरकत म्हणून तुम्ही पाठवू शकता, तुमच्या सहीने. मी अडवणार नाही. पण मग पुढच्या कामाला तुमचं नाव मला सुचवता येणार नाही."

म्हणजे आखाजी, आणि स्थळ.

मी कागद घेऊन पथारीवर परत आले, पत्र्याखाली न बसता ढिगाजवळ बसले आणि लिहिलं. माझी पहिली मोजणी चुकीची आहे. ती चूक माझी आहे. हे काम आहे, ह्या बाया ते करतात, आणि भुकटी आली तर बुडेल ते हेच काम, असं लिहिलं. आजचं माझं मराठी त्याहून बरं आहे, पण त्याहून खरं वाक्य मी नंतर लिहिलेलं नाही. सही केली. जमादारणीने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, मग एका बाईला खुणावलं. त्या बाईने जमिनीवरची चिमूटभर लाल धूळ उचलून आत टाकली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उघाडनाराले कयू दे, कोठेन ऊनं ते."

पाकीट कुणी उघडलं ते मला कधी कळलं नाही. पण तो बाद झाला, यात शंका नाही.

पुढच्या थंडीत फौजेची मिरची बिनदेठाचीच गेली. माझ्या हरकतीमुळे, की त्या गिरणीचंच काही फिसकटलं, देव जाणे. जमादारीण मात्र गावभर सांगायची की सरकार शिंकलं म्हणून ऐकलं. त्यानंतरची थंडीही निभावली. मग डबे आलेच. पण डबे यायच्या आत तिने आडत्यांना बिनदेठाच्या मालाची अशी सवय लावून ठेवली होती की इतर गिऱ्हाईकंही तसाच माल मागू लागली. पहिल्याइतक्या नाही, तरी बऱ्याच बाया पथारीवर राहिल्या. "फौज गयी तं जाऊ दे," ती म्हणायची, "आम्ही शेतस ना आठे."

माझं मात्र हरकत लिहिली त्याच वैशाखात लग्न झालं. शहाद्याला दिलं. तिथं पुढे मी शाळेत मास्तरीण झाले, आणि वर्गात कुणी डोळे चोळलेच तर ‘हात मागे’ म्हणण्याची सवय मला लागली. मुलांना वाटायचं ही शिक्षा आहे.

नंदुरबारला आले की पथारीवर जायचे. लांबूनच पाठीमागचे हात दिसायचे. एका थंडीत गेले तर दिसले नाहीत. ढिगांमधून दुसरीच कुणी चालत होती, तरुण, आणि तिचेही हात मागे होते. ती ओळखीची वाटली. जवळ गेल्यावर कळलं, निंबाखाली बसायची तीच पोर, आता मुकादम झालेली. तिनेच सांगितलं. जमादारीण आखाडात गेली, पथारी बंद असताना. तापाचं निमित्त झालं.

आमच्याकडे अशा वेळी दारवर जातात, म्हणजे ज्याचं माणूस गेलं त्याच्या दारात जाऊन थोडा वेळ बसायचं, बोलायचं काही नसतं. भर दुपारी मी त्या गल्लीत शिरले. ओट्यांवर तीच म्हातारी माणसं, तीच शेंबडी पोरं, आणि घरं रिकामी. सनईवाला दारात बसला होता. सनई जवळ नव्हती. मी समोर बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळखायला वेळ लागला.

"तूच ना ती, लिखनारी?"

मी मान हलवली. कागद नव्हता, पेन नव्हतं, तरी हलवली.

तो म्हणाला, "मंग लिख. घरमा नही शे ती. कामले जायेल शे."